थोरलीचा सव्वा महिना

माझ्या दोन्ही मुली काही मिनिटांच्या अंतरानं जन्मल्या, तरी घरात एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणतात. बारसं फार उशिरा झालं, तोवर हीच नावं सगळ्यांच्या तोंडात बसली होती. आठवा महिना लागला तेव्हा मी मंगळवेढ्याहून माहेरी, सोलापूरच्या जुळे सोलापूर नावाच्या वस्तीत, आईच्या फ्लॅटवर आले आणि त्याच आठवड्यात बाळंत झाले. आईकडचे दोन जिने चढल्यामुळं असं झालं, असं सासरचे म्हणाले. एसटीच्या धक्क्यांमुळं झालं, असं आई म्हणाली. जुळी असली की होतं असं, हे डॉक्टर म्हणाले, पण त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

दोघींना काचेच्या पेटीत ठेवलं. आमच्याकडं बाळ काचेत ठेवलंय म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो. थोरली त्यातल्या त्यात भरलेली होती. हातात दिली की काहीतरी दिल्यासारखं वाटायचं. धाकटी म्हणजे टॉवेलच जास्त. थोरलीला सुरुवातीचे काही दिवस ऑक्सिजन लागला, मग तो सुटला आणि ती वाटी-चमच्यानं दूध घ्यायला लागली. चमचा यायला उशीर झाला की असा गळा काढायची की सिस्टर तिला पैलवान म्हणायच्या. धाकटी रडायचीसुद्धा नाही. तिचा श्वास मध्येच थांबायचा, मशीन वाजायचं, सिस्टर येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायच्या आणि ती पुन्हा श्वास घ्यायची. त्या मशीनचा आवाज आजही एखाद्या दुकानात, एखाद्या लिफ्टमध्ये कानावर आला तर माझा हात छातीवर जातो.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, मोठीला घरी न्या. आम्हाला पेढे वाटावेसे वाटले. माझा नवरा आणि आई तिला रिक्षानं घेऊन गेले. मी धाकटीजवळ दवाखान्यातच राहिले, कारण तिला दिवसातून बराच वेळ उघड्या छातीशी धरून बसायचं असे. माझं दूध स्टीलच्या डब्यात काढून, बर्फाच्या पिशवीत ठेवून नवरा दोन वेळा मोटारसायकलवरून घरी न्यायचा. मे महिना होता. तो परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झालेला असायचा, आणि मी त्याला पहिलं विचारायचे, दूध नासलं तर नाही ना. त्याला पाणी हवंय का, हे नंतर.

त्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टर येत. बारीक चणीच्या, केस मागं घट्ट बांधलेल्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की पुढं वाकून ऐकावं लागे. थोरली घरी गेल्यावर काही दिवसांनी त्यांनी धाकटीचे डोळे पहिल्यांदा तपासले. आधी तासभर थेंब घालत राहिल्या. मग पापण्या मिटू नयेत म्हणून एक बारीक तारेचा चिमटा लावला आणि कपाळावरच्या दिव्यानं आत बघायला लागल्या. कधी न रडणारी माझी लेक त्या दिवशी जी किंचाळली, ते मला भिंतीकडं तोंड करूनच ऐकावं लागलं. थोरली यातून सुटली म्हणून मला हायसं वाटलं, हेही आठवतं.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, म्हणाल्या. पोटात असताना त्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या हळूहळू पसरत जातात, त्यांना पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधीच बाहेर आलं की त्यांचं काम अर्धवट राहतं. मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडद्याला ओढायला लागतात. धाकटीचं ते सुरू झालेलं होतं. लगेच लेझर करावा लागणार होता.

"हिची जुळी बहीण कुठंय?" त्यांनी विचारलं.

"घरी आहे. ती चांगली आहे, मॅडम. तिला काही नाही."

"वरून काही दिसत नाही याचं. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. तिलाही आणा. उद्याच माझ्या दवाखान्यात आणलंत तरी चालेल. पण उशीर करू नका."

हे सगळं त्यांनी, चहा घेणार का असं विचारावं तितक्या हळू सांगितलं. आमच्या सोलापुरात हळू बोललेलं माणूस अर्धंच ऐकतं. भाजीवालीशी बोलतानासुद्धा आमचा आवाज पलीकडच्या गल्लीत जातो. त्या बाई ओरडल्या असत्या, टेबलावर हात आपटला असता, तर काय झालं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पण त्यांनी सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. दोष ऐकणाऱ्या कानांचा होता, आणि कान एकट्या माझे नव्हते.

मी लगेच आईला फोन लावला.

"डोळ्याला काय झालंय तिच्या?" आई म्हणाली. "चांगले टपोरे हायत की. आणि सव्वा म्हयना व्हायच्या आत कुटं बाहेर काढतेस लेकराला, या उन्हात?"

"आई, महिना झालाच की आता."

"कुटं झालाय? आठवडासुदिक न्हाय झाला."

तेव्हा मला कळलं की आईची मोजणी वेगळी होती. तिच्या हिशेबात दवाखान्यातले दिवस धरायचेच नव्हते. बाळंतीण आणि बाळ ज्या दिवशी आपल्या उंबऱ्याच्या आत येतात, त्या दिवसापासून सव्वा महिना सुरू. दवाखान्यात हजार माणसं येतात-जातात, तिथं कसला सव्वा महिना, असं तिचं म्हणणं. पूर्वी बाळंतपण घरातच व्हायचं, त्यामुळं जन्म आणि उंबरा यात फरकच नव्हता. तो पडला तो आमच्या वेळी, काचेमुळं. आईनं तिच्या परीनं प्रश्न सोडवला होता, आणि तोही मनापासून, लेकराच्या भल्यासाठी. थोरलीचा सव्वा महिना ती रिक्षातून उतरली तिथून धरला गेला.

मी भांडले. मी भांडायला कमी नाही, हे माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगतील. फोनवर मी ओरडले, आईही ओरडली. आईला राग आला की ती कन्नडात जाते. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. "ब्याड अंदरे ब्याड," म्हणाली, म्हणजे नको म्हटलं की नको. मग नवऱ्याला पाठवलं. तो आईसमोर मान खाली घालून बसला आणि मान खाली घालूनच परत आला. जावयानं सासूशी वाद घालायचा नसतो, हे त्याला त्याच्या घरच्यांनी जरा जास्तच चांगलं शिकवलंय. आईनं त्याला समजावलं होतं की धाकटी अशक्त आहे म्हणून तिच्या डोळ्यांत दोष निघाला. थोरली तर पैलवान. आता हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मीसुद्धा गप्प बसले. दुबळ्याला आजार होतो, सशक्ताला होत नाही, याहून सरळ गोष्ट कुठली? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या सिस्टरचा फोन आला. नवरा म्हणाला, हो हो, आणतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. तेव्हाही तो हो म्हणाला. हो म्हणून फोन ठेवायचा, ही सवय आमच्याकडं घरटी एकाला तरी असते.

इकडं धाकटीचा लेझर झाला. मग आठवड्या-आठवड्याला तपासणी. डॉक्टर दरवेळी विचारायच्या, मी दरवेळी सांगायचे की आई ऐकत नाही, आता थोडेच दिवस राहिलेत. एकदा त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्या घरी." मी लाजले. एवढ्या मोठ्या डॉक्टर आमच्या घरी कशाला, म्हणाले. नको म्हणायचा हा भिडस्तपणा मला नेमका त्या दिवशी सुचला. एरवी मी कुणाला भीत नाही.

धाकटीनं अंग धरलं आणि मी तिला घेऊन घरी आले, तेव्हा थोरलीच्या सव्वा महिन्याचे थोडेच दिवस उरले होते. आईनं आतली खोली बाळंतिणीची केली होती. खिडकीला जाड सोलापुरी चादर लावलेली, दार लोटलेलं, कोपऱ्यात कूलर. दुपारीही आत संध्याकाळ वाटायची. धूप, ओवा, तेल, सगळ्याचा मिळून एक वास. थोरली गुटगुटीत झाली होती. आईनं तिला दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढं धरलं, जिंकून आणलेला कप दाखवावा तसं. मी तिला जवळ घेतलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या पलीकडं, कुठंतरी वर बघत राहिली.

ती माझ्यावर रुसलीय असं मला वाटलं. इतके दिवस मी तिला टाकून धाकटीपाशी बसले होते, मग लेकरू मला कसं ओळखेल? त्या रात्री मी तिला कुशीत घेऊन तिची समजूत काढत बसले. तुला सोडलं नव्हतं गं, तुझी बहीण आजारी होती. माझा आवाज आला की ती हालचाल थांबवून ऐकायची. बघ, ओळखतेय, असं मी नवऱ्याला म्हणाले.

"नजर ठरत नाही अजून हिची," मी आईला म्हणाले.

"अपुऱ्या दिवसाची हाय की. उशिरा ठरंल."

हे आणखी एक उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं. अपुऱ्या दिवसांची आहे, म्हणजे सगळं उशिराच होणार. शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या भाचीची नजर तीन महिन्यांनी ठरली. सासूबाईंनी फोनवर सांगितलं, मुलगी लाजाळू असेल. थोरलीच्या डोळ्यांबद्दल त्या आठवड्यात प्रत्येकाकडं काही ना काही चांगलं बोलायला होतं.

सव्वा महिना भरला. रीत अशी की बाळ पहिल्यांदा बाहेर पडलं की देवाच्या पायावर घालायचं, मग बाकी कुठंही. म्हणून सकाळी देऊळ, तिथून परस्पर डोळ्यांचा दवाखाना, असं ठरलं. धाकटीचीही तपासणी होती, आणि आजारी लेकराला आईनं सव्वा महिन्यातून सूट दिली होती. तळ्याकाठच्या देवळात आम्ही गेलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. आईच्या हातात थोरली, माझ्या हातात धाकटी. दर्शन घेऊन आम्ही ओवरीतून बाहेर आलो आणि सरळ उन्हात उभ्या राहिलो, नवरा चपला आणायला गेला होता. धाकटीनं तोंड वेडंवाकडं केलं, डोळे घट्ट मिटले आणि माझ्या पदरात तोंड खुपसलं. मी तिला झाकता झाकता आईकडं पाहिलं.

थोरली आईच्या हातावर उताणी होती. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. तिचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. पापणीसुद्धा हलत नव्हती. आणि बुबुळाच्या मधोमध, जिथं काळं असतं, तिथं दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं. त्या खोलीतल्या अंधारात ते आम्हाला एकदाही दिसलं नव्हतं.

आईनंही पाहिलं. तिनं पदर ओढून थोरलीच्या डोळ्यांवर धरला. सावली केली. आता त्या सावलीचा काही उपयोग नव्हता, हे तिलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती तशीच पदर धरून उभी राहिली आणि नवऱ्यानं चपला पुढं ठेवल्या तरी तिला त्या घालता येईनात.

डॉक्टरांनी थोरलीला फार वेळ तपासलं नाही. लागलाच नाही वेळ. दोन्ही डोळ्यांतला पडदा सुटला होता. त्या आम्हाला रागावतील, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, तिथं ऑपरेशन करून बघतील, पण फार आशा धरू नका. हैदराबादला आम्ही गेलो. ऑपरेशन झालं. थोरलीला त्यातून एवढंच मिळालं की दिवा लागलेला आहे की नाही, हे तिला कळतं. दिवा कुठं आहे, हे कळत नाही.

पुढं धाकटीच्या तपासण्यांना आम्ही त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जात राहिलो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी त्यांनी एक वार वेगळा ठेवला होता. त्या वारी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटत होतं, असलं जगावेगळं आमच्याच नशिबी आलं. आत पाऊल टाकलं तर बाकावर बसायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं एवढंएवढंसं गाठोडं. सिस्टर ओळीनं थेंब घालत चालली होती आणि तिच्या मागोमाग रडण्याची एक लाट पुढं सरकत होती. माझ्या शेजारी बसलेली माढ्याकडची म्हातारी माझ्याकडं वळली.

"तुमचं बी काचेतलंच का?"

"हो."

"आमचंबी. लई दिवस हुतं बगा काचेत. आता म्हणत्यात डोळं दावा. म्या म्हनलं, डोळ्याचं काय त्यात? तर हितं येऊन बघतीया, तर ही अशी जत्रा!"

पलीकडं विणकरांच्या घरातली एक तरुण बाई तिच्या नवऱ्याशी तेलुगूत बोलत होती. तिच्याही मांडीवर जुळी. दोघांनाही थेंब घातलेले. मी त्या दोन गाठोड्यांकडं बघतच राहिले. तिनं दोघांनाही आणलं होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल जे आलं तो मत्सर होता, दुसरा शब्द मला सापडत नाही.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, इतकी मुलं कशी? पूर्वी तर असं काही ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पूर्वी इतक्या लवकर आलेली मुलं राहतच नव्हती. आता राहतात. म्हणून डोळ्यांचं हे इतकं दिसतं. कमी दिवसांच्या मुलांत हे नेहमीचं आहे, विशेष काही नाही. बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. काहींना लेझर लागतो. फक्त वेळेत बघावं लागतं." विशेष काही नाही, हे शब्द मला फार लागले. एखादा दुर्मीळ, नाव न सापडणारा रोग असता तर मी देवाला दोष दिला असता. हा तर बाकावर जागा न मिळण्याइतका नेहमीचा होता, आणि त्याच्यावर उपाय रिक्षानं अर्ध्या तासावर होता.

आईशी मी याबद्दल एकदाच बोलले. "तुझ्या त्या सव्वा महिन्यानं," एवढंच म्हणाले आणि पुढचं मला बोलवलं नाही. ती भाकरी थापत होती. थापत राहिली. तिनं माझी कधी माफी मागितली नाही आणि मीही ती द्यायला तयार आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. काही दिवस तिच्या हातचं जेवण माझ्या घशाखाली उतरत नसे. पण थोरलीला वाढवलं तिनंच. मला सोलापुरात नोकरी मिळाली आणि थोरलीची शाळा सोलापुरातच होती, म्हणून आम्ही मंगळवेढ्याला परत गेलोच नाही. शेंगा फोडायला, भांड्यांच्या आवाजावरून स्वयंपाकघर ओळखायला, जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपायला थोरलीला शिकवलं ते आईनं. मी शिकवायला गेले की चिडते. ती चुकली की मला रडू येतं आणि ते लपवायला मी ओरडते. आई ओरडत नाही. सगळ्या जगावर ओरडणारी माझी आई थोरलीशी त्या डॉक्टरांइतकी हळू बोलते.

आणि खरं तर सव्वा महिन्याचा मला राग यावा असं त्यात काही नाही. शेतात राबणाऱ्या, घागरी वाहणाऱ्या किती बायकांना आयुष्यात तेवढीच विश्रांती मिळाली असेल. आईला माझ्या वेळी मिळाली होती, ती अजून सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्या खोलीत काही होत नाही. आमचं बाळ वेगळं होतं, एवढंच आम्हाला उमजलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात, मुलींना सातवं लागलं तेव्हा, आमच्या वरच्या मजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं. त्यांची सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ काचेतून नुकतंच घरी आलंय, हे आम्हाला दूधवाल्यानं सांगितलं. संध्याकाळी मी कामावरून आले तर दार उघडं, धाकटी एकटीच अभ्यासाला बसलेली.

"अव्वा कुठंय? आणि थोरली?" मुली माझ्या आईला अव्वा म्हणतात.

"वर गेल्यात. बाळ बघायला."

मी वर गेले. त्यांचंही दार उघडं होतं आणि आईचा आवाज जिन्यातच ऐकू येत होता.

"सव्वा म्हयना होऊ दे की आजी, मग नेतावच," त्या घरची सासू म्हणत होती. "एवढ्या उन्हात कुटं न्यायचं? आन डोळं चांगलं हायत की त्याचं."

"हे बघा," आई म्हणाली. आणि तिनं थोरलीच्या खांद्यांवर हात ठेवून तिला पुढं केलं, खिडकीच्या उजेडात. "हिचे बी चांगले होते. मी हिला सव्वा म्हयना घरात ठेवली. मी ठेवली. हिची आई न्या म्हणत होती, मी नेऊ दिलं न्हाय. आता बघा नीट. हिला काय दिसत न्हाय."

थोरली हसऱ्या तोंडानं उभी होती. लोकांसमोर उभं केलं की गाणं म्हणायचं असतं, अशी तिला सवय आहे, म्हणून ती वाट बघत होती.

मला इतका राग आला की माझे कान तापले. मी आत जाऊन थोरलीचा हात धरला आणि तिला खाली घेऊन आले. आई मागून आली तेव्हा मी तिला म्हणाले, माझी मुलगी काय प्रदर्शनात ठेवायची वस्तू आहे का? पहिल्यांदाच ती बसून रडली, तोंडात पदर कोंबून. तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं, आणि मी घेतलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लोक बाळाला घेऊन गेले. आठवड्याभरानं त्या घरची सासू वाटीभर साखर घेऊन खाली आली. बाळाच्या डोळ्यांत ते सुरू झालेलं होतं. वेळेत सापडलं. लेझर झाला. डॉक्टर म्हणाल्या, दिसेल चांगलं. आईनं साखर घेतली, देवापुढं ठेवली आणि कामाला लागली. मी तिला म्हणाले, बरं केलंस. एवढंच माझ्याच्यानं झालं.

त्या रात्री मी थोरलीची वेणी सोडत होते. ती माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली होती.

"आई, वरच्या बाळाला आता दिसणार?"

"हो."

"दवाखान्यात नेलं म्हणून?"

"हो, बाळा."

आदल्या रविवारी आम्ही तिला झोपेतच ठेवून धाकटीला बागेत नेलं होतं. उठल्यावर ती ज्या आवाजात बोलली होती, अगदी त्याच आवाजात म्हणाली,

"मग मला पण न्यायचं की."